बँकॉक, सहकुटुंब

सहलीच्या धंद्यात बँकॉकचा साचा ठरलेला आहे. रात्रीचं विमान, सकाळी उतरलं की तसंच पटाया, दुसऱ्या दिवशी कोरल आयलंड, मग बँकॉकला परत, अर्ध्या दिवसाची सिटी टूर, सफारी वर्ल्ड, त्याच संध्याकाळी चाओ फ्राया नदीवर डिनर क्रूझ, त्यात पनीर, डाळ आणि हिंदी गाण्यांवर नाच. शेवटी खरेदी आणि विमानतळ. पन्नास माणसांची बस हाकणाऱ्या टूर मॅनेजरला असा साचा लागतोच, आणि त्याच साच्यावर मी बरीच वर्षं पगार घेतला आहे. नोकरी सोडून एकेका कुटुंबाच्या सहली आखायला लागले तेव्हा कळलं, बसला चालतं ते घराला चालत नाही. बसमधल्या एखाद्याला बरं नसलं तर त्याला हॉटेलवर ठेवून पुढे जाता येतं. आजीला हॉटेलवर ठेवून बाकीचे सफारी बघायला गेले, तर तिला सहल कशाला म्हणायचं?

ज्या कुटुंबाबद्दल लिहिते आहे ते बारामतीकडचं. आजोबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, नीरा डाव्या कालव्यावर उभी नोकरी काढलेले. आजी माळकरी. मुलगा हिंजवडीत, सून बँकेत, नात सहावीत आणि नातू तीन वर्षांचा. बँकॉकला जायचं म्हटल्यावर ओळखीची माणसं आधी मुलाकडे बघून डोळे मिचकावायची आणि आजीच्या गळ्यातली तुळशीची माळ दिसली की विषय बदलायची. या शहराला आपल्याकडे जी ख्याती चिकटली आहे, ती चिकटवण्यात आमच्या धंद्याचाही हात आहे. खत, बियाणं, सिमेंटच्या डीलरांना बक्षीस म्हणून तिथे न्यायची पद्धत पडली आणि त्या सहलींचे किस्से गावोगाव पोचले. देवळांचे, कालव्यांचे, फळांचे किस्से सांगायला कुणी उरलं नाही.

मुलानं मला पॉइंटांची यादी पाठवली होती. मोबाइलवरून गोळा केलेली, लांबलचक, प्रत्येकापुढे तिकिटाचा दर. मी पटाया खोडलं. सफारी वर्ल्ड खोडलं, कारण ते शहराच्या पार टोकाला आहे आणि जाण्यायेण्यातच तीन वर्षांच्या पोराचा जीव मेटाकुटीला येतो. तरंगता बाजार म्हणून जो फोटोंत दिसतो तो दाम्नुन सादुआक, तोही खोडला. तो बँकॉकमध्ये नाहीच, शंभरेक किलोमीटर लांब आहे. ‘ताई, मग पैसे वसूल कसे होणार?’ मुलानं विचारलं. हा प्रश्न मला प्रत्येक घरातून येतो आणि त्यावर माझ्याकडे एकच हिशेब आहे. घरातल्या सहा जणांना मिळून दिवसाचे चांगले तास किती? सकाळी सात ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते आठ. मधली वेळ मे महिन्याच्या बँकॉकमध्ये उन्हाची, आणि ती झोपेला द्यायची. उरलेल्या सात तासांत जे बसेल तेवढंच बघायचं.

मे महिना निवडला होता तो अर्थातच शाळेच्या सुट्टीमुळे. हवामानाच्या दृष्टीनं तो वाईट. एप्रिल-मे हे तिथले सगळ्यांत तापलेले महिने, आणि मेच्या मध्यावर पाऊस सुरू होतो. पण आंब्याचाही तोच मोसम.

खर्चाची एक गोष्ट मात्र मी हट्टानं वाढवते. मुंबईहून मध्यरात्रीचं विमान चारसाडेचार तासांत सुवर्णभूमीला पोचतं. तिथलं घड्याळ आपल्या दीड तास पुढे, म्हणजे उतरलो की सकाळ. हॉटेलची खोली मात्र दुपारी दोनला मिळते. साच्यातली सिटी टूर याच भोकात बसवलेली असते. खोली तयार नाही, म्हणून न झोपलेली, न अंघोळ केलेली माणसं बसमध्ये घालून देवळं दाखवायची. पहिल्याच सकाळी सगळ्यांचे चेहरे आंबतात ते सहल संपेपर्यंत. मी आदल्या रात्रीपासूनची खोली घेते. एका रात्रीचं भाडं फुकट गेल्यासारखं वाटतं. मुलानंही तसं बोलून दाखवलं. सकाळी साडेनऊला आजी अंघोळ करून, हरिपाठ म्हणून, पाठ टेकून पडली तेव्हा त्यानं तो विषय सोडला.

कागदपत्रांचं फार काही उरलेलं नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये भारतीयांना व्हिसा माफ झाला. १ मे २०२५ पासून प्रवेशाचा फॉर्म ऑनलाइन भरावा लागतो, पोचण्याआधीच्या तीन दिवसांत. तो फुकट आहे. त्यासाठी पैसे मागणाऱ्या नकली साइट इंटरनेटवर आहेत, त्यांच्यापासून जपायचं. ई-सिगारेट तिथे बेकायदा आहे, ती कुणाच्या बॅगेत असेल तर घरीच ठेवायची. एवढं सांगितलं की माझं निघण्याआधीचं भाषण संपतं.

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट, जी प्रवाशांना सहसा माहीत नसते. थायलंडमध्ये गाइडचं काम थाई नागरिकांसाठीच राखून ठेवलेलं आहे. परवाना गळ्यात अडकवलेला थाई गाइडच देवळात, राजवाड्यात माहिती सांगू शकतो. मी भारतातून आलेली टूर मॅनेजर. मला वाट्टेल तेवढं पाठ असलं तरी तिथे उभं राहून चार माणसांना समजावून सांगणं कायद्यात बसत नाही. सुरुवातीला याचा राग यायचा. आता मी आदल्या संध्याकाळी हॉटेलच्या लॉबीत बसून गोष्ट सांगून टाकते, आणि दुसऱ्या दिवशी तोंड मिटून मागे चालते.

या घराला मी रामकियन सांगितलं. चक्री घराण्याचा पहिला राजा, राम पहिला, यानं १७८२ मध्ये बँकॉकला राजधानी केली आणि पुढे आपल्या दरबारात रामायणाची थाई आवृत्ती लिहवून घेतली. राजवाड्याच्या आवारात वात फ्रा केव हे राजाचं देऊळ आहे, त्याच्या भोवतीच्या ओवऱ्यांच्या भिंतींवर ही कथा १७८ चित्रांत रंगवलेली आहे. एवढं सांगून मी थांबले. रावणाला तिथे थोसकान म्हणतात, हनुमान पांढरा आहे, इतकंच वर घातलं.

राजवाडा साडेआठला उघडतो. आम्ही आठलाच दाराशी होतो. मेट्रोनं गेलो. सनाम चाय हे स्टेशन २०१९ मध्ये झालं आणि जुन्या शहरात पोचायचा प्रश्न सुटला, नाहीतर सुखुमवितहून व्हॅननं यायला कधीकधी दीड तास लागायचा. बाहेर फुटपाथवर नेहमीचा नीटनेटक्या कपड्यांतला गृहस्थ होताच. ‘आज राजवाडा बंद आहे, पूजा चालू आहे, तुम्हाला टुकटुकनं दुसरं देऊळ दाखवतो.’ राजवाडा बंद नव्हता. ती टुकटुक शेवटी दागिन्यांच्या दुकानाशी थांबते. आजोबांनी त्याला मराठीत ‘राम राम’ म्हटलं आणि पुढे गेले.

आत शिरल्यावर गाइडनं सगळ्यांना आधी पाचूच्या बुद्धाकडे नेलं. नाव पाचूचा असलं तरी मूर्ती हिरव्या जेडची आहे आणि जेमतेम ६६ सेंटिमीटर उंच. एवढ्या मोठ्या सोनेरी सिंहासनावर, इतक्या उंचावर, की लहान मुलांना ती सापडतच नाही. आत फोटो काढू देत नाहीत, ते बरंच आहे. चपला बाहेर, पाय देवाकडे करायचे नाहीत. थाई बायका दोन्ही पाय एका बाजूला दुमडून बसतात. आजी आमच्या सगळ्यांच्या आधी तशीच बसली, तिला शिकवावं लागलं नाही. गाइडनं सांगितलं की मूर्तीचा पोशाख वर्षातून तीनदा बदलतो, उन्हाळ्याचा, पावसाळ्याचा आणि थंडीचा, आणि तो बदलायला स्वतः राजा येतो. मी ते आजीला मराठीत सांगितलं. ‘बरोबर हाय,’ आजी म्हणाली. ‘आमच्या इठोबालाबी उन्हाळ्यात चंदनउटी लावत्यात. देवालाबी उकडतं.’ गाइडला हे भाषांतर करून सांगितलं तेव्हा तिनं वहीत लिहून घेतलं.

नंतर ओवऱ्या. तिथे माझ्या अंदाजापेक्षा कितीतरी जास्त वेळ गेला. आजीनं गाइडची वाट पाहिलीच नाही. चष्मा पुसला आणि भिंतीला लागून चालायला सुरुवात केली. सीताहरण तिनं ओळखलं, जटायू ओळखला, शेपटीची आग ओळखली. नात तिच्या मागे आणि नातू बापाच्या खांद्यावर. सेतुबंधनाच्या चित्रापाशी आली तेव्हा पांढरा हनुमान पाण्यात एका मत्स्यकन्येशी लगट करताना दिसला. गाइडनं सांगितलं, ही सुवर्णमत्स्या, थोसकानची मुलगी. ती सेतूचे दगड समुद्रातून पळवत होती, हनुमान तिला अडवायला गेला आणि तिच्या प्रेमात पडला. त्यांना मुलगाही झाला, अर्धा माकड, अर्धा मासा.

‘आरं देवा. मारुतीचं लगीन?’

थाई हनुमान ब्रह्मचारी नाही, हे मी आदल्या संध्याकाळी मुद्दामच सांगितलं नव्हतं. आजी थोडा वेळ चित्राकडे बघत राहिली. मग नातीला म्हणाली, ‘ह्यो मकरध्वज. आपल्यात त्यो घामापासनं झाला. लंका जाळून मारुती समुद्रात उतरला, घामाचा थेंब मगरीनं गिळला, त्यातनं झाला. ह्यांनी सोपं करून घेतलंय.’ गाइडला मकरध्वजाची गोष्ट माहीत नव्हती. तिनं पुन्हा विचारून घेतली. परवाना नसलेल्या आजीनं त्या दिवशी रीतसर गाइडिंग केलं, आणि टुरिस्ट पोलिसांनी हरकत घेतली नाही.

साच्यातल्या सिटी टूरला या आवाराला तास-सव्वा तास मिळतो, मिळाला तर. अनेकदा तर हा राजवाडा कार्यक्रमात नसतोच, कारण परदेशी माणसाला ५०० बातचं तिकीट पडतं. एक बात म्हणजे साधारण अडीच-तीन रुपये. त्याऐवजी तिकिटाला स्वस्त असलेली दोन देवळं घालतात, त्यांतलं एक वात त्रायमित. तिथली साडेपाच टनांची सोन्याची बुद्धमूर्ती बघण्यासारखी आहेच. ती चुन्याच्या जाड थराखाली झाकलेली होती आणि १९५५ मध्ये हलवताना थर फुटला तेव्हा आतलं सोनं दिसलं. पण बँकॉकला जाऊन राजवाडा न बघता परत आलेले शेकडो मराठी लोक मला माहीत आहेत, आणि त्यांना आपण काय बघितलं नाही याचा पत्ताही नाही.

जेवणाची काळजी सगळ्यांत मोठी, हे कुठल्याही टूर मॅनेजरला विचारा. भारतीय हॉटेलं बँकॉकमध्ये भरपूर आहेत आणि बरेच जण रोज तिथेच जेवतात. मला ते पटत नाही. पण थाई जेवणात माळकऱ्याला सुरक्षित वाट काढणं हे कसबाचं काम आहे. नुसतं ‘चिकन नको, मासे नकोत’ म्हणून भागत नाही. नाम प्ला म्हणजे मासे आंबवून केलेलं पाणी, ते मिठासारखं सगळीकडे पडतं. करीच्या वाटणात कापी असते, ती बारीक कोळंबीची. कच्च्या पपईच्या कोशिंबिरीत सुकट कुटलेली असते. भाजी नुसती परतली तरी वर ऑयस्टर सॉस. आणि हे करणाऱ्या बाईला यात मांसाहार आहे असं मनापासून वाटत नसतं.

त्यावर तिथल्याच लोकांचा एक उपाय आहे. चिनी वंशाच्या थाई लोकांत ‘जे’ नावाचं व्रत पाळतात. त्यात मांस, मासे, अंडी, दूध तर नाहीच, कांदा-लसूणही नाही. अशा दुकानावर पिवळी पताका आणि तिच्यावर लाल अक्षर असतं. ते अक्षर मी घरातल्या सगळ्यांना ओळखायला शिकवते. नातीनं ते एका दिवसात पाठ केलं आणि गल्लीत शिरलं की तीच आधी ओरडायची. जे दुकानात सोयाबीनचे गोळे, मशरूम, टोफू, पालेभाज्या आणि भात मिळतो. आजीला टोफू आवडला नाही. ‘मीठ न घातलेलं पनीर’ असं तिचं मत पडलं आणि मला ते खोडून काढता आलं नाही.

हॉटेलच्या नाश्त्याला भाताची पेज असते. तिथेही विचारावं लागतं, कारण ती बहुतेक वेळा डुकराच्या नाहीतर कोंबडीच्या रश्शात शिजवतात. मी आदल्या रात्री स्वयंपाकघरात जाऊन सांगून आले, पाण्यात शिजवा, मीठही नको. सुनेनं बॅगेतून मेतकुटाचा डबा काढला. आचारी ते बघायला बाहेर आला, चिमूटभर चाखलं आणि दुसऱ्या दिवशी दुप्पट पेज ठेवली.

एकादशी मध्येच आली. मुलगा अस्वस्थ झाला. आजीचा उपास परदेशात निभणार कसा, असं त्याला वाटलं. मी निर्धास्त होते. उपासाच्या माणसाला बँकॉकइतकं सोयीचं परदेशी शहर मला तरी माहीत नाही. रस्त्यावर निखाऱ्यावर भाजलेली रताळी मिळतात, भाजलेली केळी मिळतात. शहाळं कुठेही. फळांच्या गाडीवर पेरू, पपई, अननस, फणसाचे गरे, जांब, सगळं कापून, बर्फावर ठेवून, पिशवीत घालून, वर काडी टोचून देतात. कैरीबरोबर तिखटमिठाची पुडी. आणि साबुदाणा. कसाव्याच्या पदार्थांची जगात सर्वांत जास्त निर्यात थायलंड करतो. ज्या कंदापासून आपल्याकडे सेलमचा साबुदाणा होतो तोच हा कंद. नारळाच्या दुधात शिजवलेला गोड साबुदाणा, वर मक्याचे दाणे. मक्याचे दाणे काढायला लावले, कारण आजीच्या उपासाला मका चालत नाही. एक सावधगिरी मात्र सांगून ठेवते. साबुदाण्याचे मोत्यासारखे दिसणारे वाफवलेले गोळेही रस्त्यावर मिळतात. दिसायला अगदी उपासाचे. आत डुकराचा खिमा असतो.

आंब्याबद्दल वाद झालाच. नाम दोक माई हा तिथला लांबट, पिवळा, बिनरेषांचा आंबा. चिकट भात, खारट-गोड नारळाचं दूध आणि शेजारी कापलेला आंबा. एकादशी सुटल्यावर सगळ्यांनी खाल्ला. आजोबा म्हणाले हापूसच्या तोडीचा. आजी म्हणाली, गोड आहे, पण खोलीत ठेवला तर शेजारच्या खोलीला कळणार नाही. माझं मत आजीच्या बाजूला.

आजोबांना देवळांत फार रस नव्हता. त्यांना पाणी बघायचं होतं. नारिंगी झेंड्याची एक्स्प्रेस बोट नदीवरून वरखाली करते, तिकीट थोडक्या बातांचं. धक्क्याला बोट लावताना मागचा माणूस शिट्टीनं खुणा करतो, आणि एसटीतल्या कंडक्टरसारखी एक बाई लांबट पत्र्याच्या डबीत तिकिटं आणि चिल्लर खुळखुळवत माणसांतून वाट काढते. आजोबा एका बाजूला उभे राहून काठाची भिंत बघत होते. शहर समुद्रसपाटीपासून सरासरी दीड मीटरवर आहे. नदीकाठच्या भिंती पुराच्या पाण्यासाठी बांधलेल्या आहेत. २०११ च्या पुरात डॉन मुआंग विमानतळ काही महिने बंद होता. आमच्या गाइडचं घर त्याच भागात. तिच्या घरात कमरेइतकं पाणी आठवडेच्या आठवडे उभं होतं.

‘उतारच नाही,’ आजोबा म्हणाले. ‘पाणी जाणार कुठं?’ आणि मग त्यांनी तिला प्रश्न विचारायला सुरुवात केली. पंप किती, दरवाजे कोण उघडतं, वरच्या धरणातून पाणी सोडायचं ठरवतं कोण, खालच्या भागातले लोक ओरडतात का. मी भाषांतर करून दमले. त्यांची सगळी नोकरी आवर्तनाच्या वेळापत्रकात गेलेली. कुठल्या चारीला किती तास पाणी, रात्री कुणी दार फोडलं, पाटकऱ्यांची भांडणं. थोडं पाणी पुष्कळांना वाटायचं काम केलेल्या माणसाला, पुष्कळ पाणी शहराबाहेर काढायची धडपड बघून झोप लागेना. गाइडलाही कुणी पर्यटक असं विचारत नसावा. ती उत्तरं शोधून दुसऱ्या दिवशी यायची.

सेन सेप कालव्यातली बोट ज्येष्ठांना मी सुचवत नाही. तिसऱ्या रामाच्या काळात, १८३७ मध्ये हा कालवा खणायला घेतला, तो पूर्वेकडच्या लढाईवर सैन्य आणि रसद न्यायला. आता त्यातून ऑफिसला जाणारी माणसं जातात. बोट धक्क्याला काही क्षणच टेकते, दोर धरून उडी मारायची. पाणी काळं, वास येणारं. ते अंगावर उडू नये म्हणून कडेला बसलेल्यांनी दोरी ओढून प्लास्टिकचा पडदा वर करायचा. तिकिटवाले हेल्मेट घालून बोटीच्या बाहेरच्या कडेवरून चालतात, पूल आला की छत खाली घेतात. आजोबा ऐकेनात. सकाळची गर्दी ओसरल्यावर मी, नात आणि ते, असे तिघे गेलो. पडदा ओढायचं काम आजोबांनी शेवटच्या धक्क्यापर्यंत दुसऱ्या कुणाला दिलं नाही.

देवळांची आणखी यादी देत बसत नाही. वात फोमध्ये ४६ मीटर लांबीचा निजलेला बुद्ध आहे. तीन वर्षांच्या नातवाला बुद्धाचं काही नव्हतं, पण मागच्या बाजूला भिंतीशी ओळीनं १०८ कांस्याची भांडी आहेत, एकेकात एकेक नाणं टाकत जायचं. ते त्यानं दोनदा केलं, आणि आपण त्या ठिकाणी होतो हे त्याला आजही आठवतं. लुम्पिनी बागेत त्याला घोरपडी दिसल्या, तळ्याच्या काठी, माणसाच्या लांबीच्या, उन्हात पसरलेल्या. आजोबांनी तिथेच तानाजीच्या यशवंती घोरपडीची गोष्ट सुरू केली. सिंहगडाच्या कड्यापर्यंत गोष्ट आली आणि संध्याकाळचे सहा वाजले. थायलंडमध्ये सकाळी आठ आणि संध्याकाळी सहाला सार्वजनिक जागी राष्ट्रगीत लागतं. धावणारे, सायकलवाले, व्यायाम करणाऱ्या बायका, सगळे जागच्या जागी उभे. आजोबाही अर्ध्या वाक्यावर ताठ उभे राहिले. एक नातू तेवढा पळत होता, आणि त्याच्याकडे बघून कुणी कपाळाला आठी घातली नाही.

एरावानचं देऊळ मी कार्यक्रमात ठेवते ते त्यातल्या नाचामुळे. रात्छप्रसोंगच्या चौकात, मॉल आणि स्कायट्रेनच्या खांबांच्या मध्ये, ब्रह्मदेवाची चार मुखांची सोनेरी मूर्ती. १९५६ मध्ये शेजारच्या हॉटेलच्या बांधकामात एकामागून एक अडचणी येत होत्या, तेव्हा ज्योतिषाच्या सल्ल्यानं बसवलेली. झेंडूच्या माळांचे ढीग आणि लाकडी हत्ती. नवस फळला की लोक पैसे भरून तिथल्या नर्तकींकडून देवापुढे नाच करवून घेतात, नवस करणारा पुढे गुडघ्यांवर बसतो. ‘आपल्यात जागरण-गोंधळ घालत्यात, त्यातलंच,’ आजी म्हणाली. तिनं झेंडूची एक माळ घेतली, वाहिली आणि हात जोडले. काय मागितलं ते सांगितलं नाही. जवळच सेंट्रल वर्ल्डसमोर गणपती आहे, तिथे सुनेनं अथर्वशीर्ष म्हटलं. गणपती तिथल्या ललित कला खात्याच्या बोधचिन्हावरही आहे, हे सांगितल्यावर मुलाला पहिल्यांदाच पैसे वसूल झाल्यासारखं वाटलं.

आता दुकानांबद्दल. साच्यातल्या सिटी टूरमध्ये ‘जेम्स गॅलरी’ असा एक थांबा असतो. कार्यक्रमपत्रिकेत तो देवळांच्या ओळीतच छापलेला असतो, जणू तेही एक प्रेक्षणीय स्थळ. प्रत्यक्षात ते दागिन्यांचं दुकान. तिथे गट किती वेळ थांबला आणि किती खरेदी झाली यावर स्थानिक ऑपरेटरला आणि गाइडला दलाली मिळते. त्या दलालीच्या भरवशावर सिटी टूर खर्चापेक्षा कमी दरात विकली जाते. गाइडला त्या दिवसाचा पगार नीट मिळत नाही, त्याची कमाई दुकानातून यायची असते. म्हणून गाइड राजवाड्यात घाई करतो आणि दुकानात निवांत असतो. चिनी गटांच्या बाबतीत हे इतकं वाढलं की २०१६ मध्ये थाई सरकारनं अशा सहलींवर मोठी कारवाई केली. प्रकार संपला नाही. आपल्याकडे तर त्याला कुणी गैरप्रकार म्हणतच नाही, ‘कॉम्प्लिमेंटरी सिटी टूर’ म्हणतात.

या कुटुंबाच्या गाइडला मी तिचा दिवसभराचा पूर्ण मेहनताना आधी ठरवून दिला होता, दुकान एकही नव्हतं. पहिल्या दिवशी तिला विश्वास बसेना. अकरा वाजता तिनं हळूच विचारलं, दुकानाला किती वाजता जायचं? नाही जायचं, म्हटल्यावर ती आजीच्या चालीनं चालायला लागली. मकरध्वज, चंदनउटी, पुराच्या पाण्याची उत्तरं, हे सगळं त्या मेहनतान्यातून आलं. तो मेहनताना सहा जणांत वाटला तर माणशी एका डिनर क्रूझच्या तिकिटापेक्षा कमी पडतो.

तेव्हा बँकॉकची सहल ठरवताना एजंटाला तीन गोष्टी विचारा आणि उत्तरं लेखी घ्या. खोली सकाळी मिळणार की दुपारी दोनला, राजवाडा कार्यक्रमात आहे की नाही, आणि वाटेत दुकानं किती. तिसऱ्या प्रश्नाला ‘एकच आहे, पाच मिनिटांचं’ असं उत्तर आलं, तर दुसरा एजंट बघा.